फार्मॉलचं मागचं हाऊसिंग : इंटरनॅशनल हार्वेस्टर नेमकी कुठे बुडाली?

मिस्त्री_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. कराड-तासगाव रस्त्यावर माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. गाळप हंगाम संपला की आमच्याकडे एकाच कामाची रांग लागते, मागचं हाऊसिंग, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी गिअरची पेटी, खोलायचं. सहा महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून क्राऊन-पिनियन गेलेलं असतं, बुलगिअरचे दात खाल्लेले असतात. हे त्या पेटीतले मुख्य गिअर.

परवा असाच एक उघडला. खालचा नट काढला तर तेल चांदीसारखं चमकत बाहेर आलं. ज्यांनी हे बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ती चमक म्हणजे झिजलेलं पोलाद. मालक शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मिस्त्री, पण इंजिन अजून एक नंबर आहे बघा." इंजिन खरंच एक नंबर होतं. त्या इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत पोचवायचं काम ज्यांच्याकडे होतं ते दात मात्र बोटानं चाचपले तर वस्तऱ्यासारखे लागत होते.

त्या रात्री मला इंटरनॅशनल हार्वेस्टर आठवली, म्हणून हा धागा.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना 'इंटरनॅशनल' हा शब्द ट्रॅक्टरमुळेच माहीत. १९६३ साली महिंद्र आणि या अमेरिकन कंपनीनं मिळून भारतात इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-२७५ आपल्या शिवारात आला. पण ज्या कंपनीनं तो दिला ती स्वतः १९८५ नंतर ट्रॅक्टरच्या धंद्यात उरली नाही. एकेकाळी शेतीयंत्रांत तिच्याएवढं मोठं जगात कोणी नव्हतं. मॅकॉर्मिक आणि डिअरिंग हे दोन कापणीयंत्रवाले आणि आणखी काही कंपन्या १९०२ साली एकत्र आल्या, तेव्हा ही तयार झाली.

आधी तिचं कौतुक करतो, कारण ते तिला देणं लागतं. १९२२ साली फोर्डनं आपल्या फोर्डसन ट्रॅक्टरची किंमत ३९५ डॉलरवर आणली. त्या भावात कोणाला टिकणं शक्य नव्हतं. हार्वेस्टरनं आपलेही भाव पाडले, वर नांगर फुकट दिला, पण खरं उत्तर दिलं ते दोन वर्षांनी. १९२४ चा फार्मॉल! तोवरचे ट्रॅक्टर नांगरायचे आणि पट्ट्यावर यंत्र फिरवायचे. उभ्या पिकात शिरायची त्यांची ताकद नव्हती, कोळपणीला घोडे लागायचेच. फार्मॉलची पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून ठेवली, मागची लांब केली, पोट उंच केलं. मका-कापसाच्या ओळींमधून तो सरळ जायचा. घोड्याचं शेवटचं काम त्यानं काढून घेतलं. १९४७ पर्यंत दहा लाख फार्मॉल बाहेर पडले होते. शेतकऱ्याला काय अडतंय हे वाकून बघितल्याशिवाय असं यंत्र सुचत नाही.

आता १९५८. अमेरिकेत शेतं मोठी होत होती, जास्त एचपीची मागणी होती, शेजारी जॉन डीअर पाठलाग करत होती. हार्वेस्टरनं ४६० आणि ५६० ही सहा सिलिंडरची मॉडेलं आणली. जगभरचे डीलर बोलावून मोठा सोहळा केला. इंजिन ताकदवान, पत्रा देखणा, ५६० ची ताकद साठ एचपीच्या आसपास. आणि मागचं हाऊसिंग? ते १९३९ च्या फार्मॉल एम मॉडेलच्या घराण्यातलंच. एम होता पस्तीस ते चाळीस एचपीचा.

म्हणजे चाळिसाच्या पाठीवर साठाचं ओझं. ज्या ट्रॅक्टरनं हलकं काम केलं तो टिकला. ज्यानं मोठा नांगर जड जमिनीत ओढला त्याचे दात आणि बेअरिंगं गेली. १९५९ साली कंपनीला ४६०, ५६० आणि ६६० परत बोलवावे लागले. डीलरांच्या शेडांत ट्रॅक्टर उघडे पडलेले, बाहेर कामाचे दिवस निघून चाललेले. दुरुस्ती फुकट मिळाली तरी गेलेली पेरणी कोण भरून देणार?

त्याच वेळी जॉन डीअर काय करत होती ते बघा. तिचं दोन सिलिंडरचं इंजिन शेतकऱ्यांचं लाडकं होतं, आवाजावरून लोक ओळखायचे. ते इंजिन सोडून द्यायचं असं कंपनीनं १९५३ च्या सुमाराला ठरवलं आणि सात वर्षं गुपचूप, रेडिएटरपासून मागच्या एक्सलपर्यंत, अख्खा ट्रॅक्टर नव्यानं आखला. ३० ऑगस्ट १९६० ला डॅलस शहरात ती नवी पिढी लोकांसमोर आली. हार्वेस्टरचं गिऱ्हाईक तेव्हा ५६० च्या दुरुस्तीनं पोळलेलं. १९६३ पर्यंत पहिला नंबर गेला तो गेला.

हार्वेस्टरचा फार्मॉल कारखाना रॉक आयलंडला आणि जॉन डीअरचं मुख्य ठाणं मोलीनला. ही दोन गावं आपल्या सांगली-मिरजेसारखी जोडगावं आहेत. शेजाऱ्याकडे सात वर्षं काय शिजतंय याचा अंदाज नव्हता की आपण पहिले आहोत यावर भरवसा होता, कोण जाणे.

माझं म्हणणं असं की कंपनी बुडाली १९८५ ला, पण तिला लागलेली वाळवी १९५८ चीच. तुमची मतं लिहा.

वाळव्याची_सून

मिस्त्री, फार छान लिहिलंत. आमच्या सासऱ्यांचा बी-२७५ अजून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आहे. चालू आहे. मामंजी रोज सकाळी फडक्यानं बोनेट पुसायचे, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. मी लग्न होऊन आले तेव्हा नवा ट्रॅक्टर येऊन तीन वर्षं झाली होती, तरी पेरणीचा मुहूर्त जुन्याच्याच हातून. "ह्यानं विहिरीचं कर्ज फेडलंय," एवढंच म्हणायचे.

एक विचारायचं होतं. मूळ कंपनीचं मागचं हाऊसिंग इतकं कच्चं, तर आमचं २७५ कसं टिकलं?

मिस्त्री_कृष्णाकाठ

वहिनी, प्रश्न अगदी वर्मावर आहे. बी-२७५ अमेरिकेतला नव्हेच. तो त्याच कंपनीच्या इंग्लंडमधल्या शाखेचा, १९५८ चाच. म्हणजे एकाच वर्षी एका घरात ५६० जन्मला आणि बी-२७५ पण. फरक असा की याच्या पस्तीस एचपीच्या आसपासच्या इंजिनाला पेलेल एवढं मागचं अंग याला दिलेलं होतं. आमचे वडील म्हणायचे, "२७५ चं हाऊसिंग खोलायला मिस्त्री म्हातारा व्हावा लागतो."

दुसरं म्हणजे त्याला पहिल्यापासून थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार जोडायची तीन टोकांची रचना, होतं. अमेरिकेतल्या मुख्य कंपनीनं मात्र त्याला किती वर्षं पाठ दाखवली!

पलूसकर

त्या लिंकेजबद्दल मी लिहू का? माझा अवजारांचा धंदा आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

आज आमच्या शेडमधला पल्टी नांगर कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतो. दोन खालचे हात, वरची टॉप लिंक, तीन पिना, झालं. ही रचना हॅरी फर्ग्युसनची. १९३८ ला त्यानं हेन्री फोर्डशी नुसत्या हातमिळवणीवर करार केला आणि १९३९ ला फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती बाजारात आली. अवजार ट्रॅक्टरमागे फरफटत नाही, त्याच्या अंगाला जोडलं जातं, आणि जमिनीचा ताण वाढला की लिफ्ट आपोआप सावरून घेते.

हार्वेस्टरनं काय केलं? १९५३-५४ च्या सुमाराला स्वतःची दोन टोकांची 'फास्ट हिच' काढली. ती वाईट नव्हती. ट्रॅक्टर मागे घेतला की अवजार खटकन बसायचं, खाली उतरायला नको. पण तिला फक्त त्यांचीच अवजारं लागायची. आपलं गिऱ्हाईक आपल्याच दुकानात बांधून ठेवायचा तो बेत होता. बाकी जग तीन टोकांवर गेलं आणि साठच्या दशकात यांनाही त्याच वाटेनं यावं लागलं. दरम्यान ज्या शेतकऱ्यानं फास्ट हिचची अवजारं घेतली त्याच्या दाराशी ती गंजली.

शेतकऱ्याचं भांडवल ट्रॅक्टरपेक्षा अवजारांत जास्त पसरलेलं असतं. पेरणीयंत्र, नांगर, रोटाव्हेटर, फणाचा कुळव मिळून किती होतात ते मोजा. एका पिनेच्या मापानं ते सगळं अडकून पडतं. मी माझ्या शेडमध्ये पिनेचं माप कधी बदलत नाही.

कुपवाडकर

धागा आवडला, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी कुपवाड एमआयडीसीत एकतीस वर्षं मशीनवर काढली, कामगार म्हणून लिहितो.

१९५९ च्या धक्क्यातून कंपनी सावरली होती. १९६५ चा १२०६ टर्बो शंभर एचपीच्या वर गेला आणि टिकला. १९७७ चं ॲक्सियल-फ्लो मळणीयंत्र तर आजही त्या जातीच्या यंत्रांचा बाप आहे. अशी कंपनी १९५८ ला मेली होती असं कसं म्हणायचं?

ती मारली माणसांच्या वागण्यानं. १९७७ ला झेरॉक्स कंपनीतून आर्ची मॅकार्डेल यांना आणलं. त्यांना शेअर घ्यायला कंपनीनंच १८ लाख डॉलरचं कर्ज दिलं. खर्च कापायचा त्यांनी धडाका लावला, आणि १९७९ ला नफाही विक्रमी झाला, ३७ कोटी डॉलर. त्याच वर्षी करार संपताना त्यांनी कामगारांपुढे अट टाकली की ओव्हरटाइम सक्तीचा. हार्वेस्टरच्या कामगाराला ओव्हरटाइम नाकारायचा हक्क होता, तो लढून मिळवलेला होता. १ नोव्हेंबर १९७९ ला ३५ हजार माणसं बाहेर पडली. १७२ दिवस कारखाने बंद! आणि शेवटी ती मुख्य अट कंपनीनं सोडूनच दिली.

संप मिटल्यावर १९८० सालीच, कंपनी तोट्यात असताना, संचालक मंडळानं त्या साहेबांचं १८ लाखांचं कर्ज माफ केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. सहा महिने बिनपगारी राहणं म्हणजे काय ते मी बघितलंय. आमच्या इथं एका कारखान्यात संप झाला तेव्हा आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सुटल्या नाहीत. साहेबाचं कर्ज माफ झालेलं बघून परत मशीनवर उभा राहिलेला माणूस त्या ट्रॅक्टरच्या नटाला कुठल्या मनानं पाना लावणार?

कोरेगावचा_गडी

दोन्ही बाजू वाचतोय. मास्तर कुठे आहेत? त्यांनी लिहायला पाहिजे.

माणदेशी_मास्तर

आलो. साताऱ्यात वाणिज्य शिकवायचो, आता निवृत्त. मिस्त्री आणि कुपवाडकर दोघेही बरोबर आहेत, पण मधला दुवा सुटतोय. तो म्हणजे पैसा कुठे लावला.

युद्धानंतर या कंपनीकडे पैसा होता. तो तिनं बांधकामाच्या अवजड यंत्रांत घातला, ट्रकमध्ये घातला, घरगुती फ्रिजमध्येसुद्धा घातला. फ्रिजचा धंदा १९४७ ला सुरू केला आणि १९५५ ला व्हर्लपूलला विकून टाकला. आता विचार करा, ज्या वर्षांत जॉन डीअरकडे नव्या ट्रॅक्टरचे आराखडे निघायला लागले, त्याच वर्षांत रॉक आयलंडच्या मालकांचं लक्ष किती दिशांना फाकलेलं होतं. मागचं हाऊसिंग नव्यानं आखायचं तर नवे साचे, नवी यंत्रं, नव्या चाचण्या लागतात. तो खर्च दिसतो, आणि जुनं वापरलं तर वाचलेले पैसेही दिसतात. मोडलेले दात त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाहीत.

तिथून पुढं वीस वर्षं कंपनी कर्जावर चालली. कारखाने जुने, उत्पादनखर्च शेजाऱ्यापेक्षा जास्त, नफ्याचं प्रमाण कमी. बाजार तेजीत होता तोवर निभलं. मग एकदम सगळं आलं. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत युनियनला धान्य विकायला बंदी केली. महागाई रोखायला व्याजदर वाढवले, बँकांचा मूळ दर २० टक्क्यांच्या वर गेला. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेणं थांबवलं. संपाच्या वर्षात कंपनीचा तोटा ४० कोटी डॉलरच्या घरात होता, १९८२ ला तो १६० कोटींच्या वर गेला. मॅकार्डेल त्याच वर्षी मे महिन्यात गेले.

आपल्याकडचा शेतकरी हे लगेच ओळखेल. दुष्काळ सगळ्यांच्या शिवारात पडतो, पण विहीर गहाण असलेला आधी उठतो. जॉन डीअरनंही तीच मंदी बघितली, ती उभी राहिली.

शेवट तुम्हाला ठाऊक असेल. नोव्हेंबर १९८४ मध्ये शेतीविभाग टेनेको कंपनीला विकल्याचं जाहीर झालं. तिच्याकडे जे. आय. केस ही ट्रॅक्टर कंपनी आधीच होती. १४ मे १९८५ ला रॉक आयलंडमधून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला, ५४८८ मॉडेलचा. उरलेली ट्रकची कंपनी १९८६ ला नाव बदलून नॅव्हिस्टार झाली.

शिराळकर_८५

मास्तर, त्या 'केस'चं पुढं काय झालं ते आमच्या फडात दिसतं. ऊसतोडणीचं लाल मशीन येतं, त्यावर केस आयएच लिहिलेलं असतं. पुण्याजवळच तयार होतं. ते 'आयएच' म्हणजे हेच इंटरनॅशनल हार्वेस्टर, हे आज कळलं.

मिस्त्री_कृष्णाकाठ

शिराळकर, बरोबर ओळखलंत.

कुपवाडकर, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. १९५८ लाच सगळं ठरून गेलं होतं हे माझं वाक्य मी मागे घेतो. तुम्ही आणि मास्तरांनी मिळून जे दाखवलंत त्यानंतर ते टिकत नाही. पण एक सांगू का? १९५८ आणि १९७९ या मला एकाच हाताच्या दोन चुका वाटतात. पहिल्यांदा ओझं टाकलं जुन्या दातांवर, दुसऱ्यांदा माणसांवर. दोन्ही वेळा पेलणाऱ्याला विचारलं नाही. हाऊसिंग खोललं असतं तर दिसलं असतं, आणि कामगाराशी नीट बोलले असते तर तेही दिसलं असतं.

पलूसकर

मिस्त्री, एचएमटीबद्दल पण लिहा की. आमच्याकडे ५९११ होता. त्याचा दणका वेगळाच.

मिस्त्री_कृष्णाकाठ

एचएमटीचं दुखणं उलट्या जातीचं. १९७१ ला हरियाणात पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन सुरुवात झाली. २५११, मग ३५२२, ५९११. लोखंड असं की मागचं हाऊसिंग सोडाच, बंपरसुद्धा वाकायचा नाही. तिथं यंत्रानं दगा दिला नाही. पण सरकारी कंपनी, नवं मॉडेल यायला वर्षानुवर्षं लागायची, ब्रेक, लिफ्ट, स्टिअरिंग यांत बाकीचे पुढं गेले. शेवटी शेवटी पार्ट मिळेनात. ट्रॅक्टर चांगला आणि तेलाचं सील मिळत नाही म्हणून उभा, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली.

आणि बी-२७५ चं बघा. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ ला महिंद्रमध्ये विलीन झाली, म्हणजे अमेरिकेतला गोंधळ सुरू व्हायच्या आधी. १९८३ पासून भारतात पहिला नंबर महिंद्रचा आहे. २७५ हा आकडा आजही नव्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर आहे. आई गेली, पण लेकरू दुसऱ्या घरी वाढलं. आपल्या मातीत, आपल्या कामाला बघून एकेक गोष्ट बदलत नेली म्हणून वाढलं.

वाळव्याची_सून

हे वाक्य मी आज घरी वाचून दाखवलं. मामंजी आता नाहीत. सासूबाई ऐकून उठल्या आणि शेडमध्ये जाऊन आल्या.

येलूरचा_तुषार

मिस्त्री काका, मी नवीन आहे. यंदा ट्रॅक्टर घ्यायचाय, हंगामात दोन ट्रॉल्या ओढायच्या. एका कंपनीचा माणूस म्हणतो जुनं बेचाळीसचं मॉडेल आता पन्नास एचपीत आलंय, किंमतही फार वाढलेली नाही. हा धागा वाचून धाकधूक वाटतेय. घेऊ का?

मिस्त्री_कृष्णाकाठ

तुषार, घाबरू नको, पण घाईही करू नको. विक्रेत्याकडून दोन्ही मॉडेलांचा पार्ट कॅटलॉग माग. क्राऊन-पिनियन, बुलगिअर, मागची बेअरिंगं यांचे नंबर शेजारी शेजारी ठेवून बघ. नंबर एकच निघाले म्हणजे वाईटच असं समजू नको. बेचाळीसला मुळात जास्तीचा दणकटपणा दिलेला असेल तर पन्नास सुखानं चालेल. पण मग त्याला विचार, मागच्या भागात काय बदललंय? ब्रेकच्या प्लेटा वाढवल्यात का? वजन किती वाढलं? 'इंजिन दमदार आहे' एवढंच उत्तर आलं तर तिथून उठायचं.

आणि त्याच मॉडेलनं दोन हंगाम ऊस ओढलेला एखादा ट्रॅक्टर तुमच्या भागात असेल तर मालकाला विनंती करून मागच्या हाऊसिंगचं थोडं तेल पांढऱ्या बशीत काढ. उन्हात धर.

येलूरचा_तुषार

आमच्या भावकीतच एक आहे. रविवारी बशी घेऊन जातो आणि फोटो इथेच टाकतो.